नगरसेवक हवेत कशाला?



"प्रशासक होते तेव्हा काय अडलं? नगरसेवक हवेत कशाला?" हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही.

नगरसेवक म्हणजे गटार साफ करून घेणारा माणूस, असं आपण धरून चालतो. त्याचं खरं काम अंदाजपत्रक मंजूर करणं आणि सभेत जाब विचारणं. भोरला नगरपालिका आहे. वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, ती नाही. तिथे हे काम ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या सदस्यांचं. पुणे जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि 2025 संपलं तरी तिथे प्रशासकच होता. म्हणजे खर्च करणारा तोच, मंजूर करणाराही तोच! रोकड सांभाळणाऱ्याने स्वतःचंच खातं तपासू नये, हे कॉमर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात.

देवद्रव्याचा हिशेब संघासमोर वाचला नाही, तर आपण विश्वस्तांना सोडू का? रस्त्याचा, पाण्याचा पैसाही सगळ्यांचाच आहे.

शिवाय 2011 पासून यातल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सभागृहच नसलं की आपल्याच खुर्च्या रिकाम्या राहतात.

सदस्य वाईट निघाला तर पाच वर्षांनी बदलता येतो. प्रशासकाला बदलायला आपल्या हातात काय आहे? तेव्हा निवडून आलेल्यांना नळाचं पाणी कधी येणार एवढंच विचारू नका. अंदाजपत्रकाच्या सभेत तुम्ही काय बोललात, हेही विचारा.