दाबून धरू नका, आधी गट्टी करा!

राहुरी-श्रीरामपूरकडे उसाचं पाचट पेटलं की धुरानं कुत्र्यांचे डोळे लाल होतात. मग घरोघरी तोच सीन: दोघांनी दाबून धरायचं, तिसऱ्यानं थेंब टाकायचा. पुढच्या वेळी मोती बाटली बघूनच पलंगाखाली! औषध अर्धवट, डोळा तसाच. हट्टी तो नाही, घाई आपल्याला असते. त्याच्या मागं बसा, हनुवटी हलकेच उचला, बाटली मागून आणा, टोक डोळ्याला लागू देऊ नका. थेंब पडला की लगेच खाऊ. आणि घरातले उरलेले ड्रॉप्स नकोच. त्यात स्टेरॉईड असेल अन् बुबुळावर जखम असेल, तर डोळाच जाऊ शकतो. म्हणून आधी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.