जीपीएस असताना दीपगृह कशाला?

आमच्या जामनेरला समुद्र नाही. पण जळगाव जिल्ह्यातली केळी न्हावा शेवा बंदरातून कंटेनरने आखाती देशांत जातात. त्यामुळे समुद्रात जहाजांचा रस्ता चुकला, तर त्याची झळ आपल्याकडेही पोचू शकते.

आणि रस्ता चुकतोय. मे 2025 मध्ये ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज लाल समुद्रात जेद्दाजवळ रुतलं. जीपीएसमध्ये कुणीतरी ढवळाढवळ केल्याचा संशय आहे. पुढच्याच महिन्यात होर्मुझच्या आसपास शेकडो जहाजांचं लोकेशन नकाशावर भलतीकडेच दिसत होतं.

हे होतं कसं? जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा सिग्नल खाली येईपर्यंत फारच क्षीण होतो. जवळच्या ट्रान्समीटरने तो दाबला, तर ते जॅमिंग. खऱ्यासारखा खोटा सिग्नल पाठवला, तर ते स्पूफिंग. आपल्या मोबाइलला निदान टॉवर आणि वाय-फायचा आधार असतो, समुद्रात तोही नाही.

आता दीपगृहाकडे बघा. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचं 1867 चं, मुंबईत कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्स 1875 चं. प्रत्येक दिव्याची चमकण्याची लय ठरलेली असते, आसपासच्या दिव्यांपेक्षा वेगळी. ही त्याची ओळख. असे दोन दिवे दिसले, की खलाशी दोघांची दिशा मोजून नकाशावर रेषा काढतो. रेषा जिथे छेदतात, तिथे जहाज! धुक्यात किंवा खोल समुद्रात हे चालत नाही, मान्य. पण जहाज रुतायचा धोका किनाऱ्याजवळच जास्त असतो.

दीपगृहं जुनाट राहिलेली नाहीत. 2012 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एआयएस जाळ्यासाठी 74 दीपगृहं वापरली गेली. एआयएस म्हणजे जहाजांचं लाइव्ह लोकेशन शेअरिंग. खरी गोम मात्र इथेच आहे. ते लोकेशन जहाज जीपीएसकडूनच घेतं. जीपीएस फसलं, की एआयएसही चुकीचं सांगणार. रडार आणि दिवा जीपीएसवर अवलंबून नाहीत.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा साधा नियम आहे: बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला, तर तो बॅकअप नव्हेच. 1927 चा दीपगृह कायदा जाऊन 2021 मध्ये नवा आला. दीपगृहं आता पर्यटनासाठीही खुली होतायत. सेल्फी जरूर काढा, पण वरचा दिवा शोभेचा समजू नका. माझ्या मते तो चालू ठेवण्यावरचा खर्च अजिबात वाया जात नाही.