पाच वॅटचा जमाखर्च

भांडवल मोठे असणे आणि ते योग्य जागी गुंतलेले असणे या दोन निराळ्या गोष्टी होत, हे व्यापारी घरांतील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. व्हॉल्व्हचा लहान अ‍ॅम्प्लिफायर घरी असेल आणि त्यासाठी घरच्या घरी स्पीकर तयार करावयाचे असतील, तर हाच नियम तेथेही लागू पडतो.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्या काळात बारामती, इंदापूरकडील ज्या घरी अथवा पेढीवर व्हॉल्व्हचा रेडिओ असे, त्याची शक्ती साधारण तीन-चार वॅटच असावयाची. तरीही बातम्या आणि नाट्यगीते ओसरीवर बसलेल्या मंडळींना स्पष्ट ऐकू येत. याचे श्रेय हलक्या कागदी शंकूच्या स्पीकरला आणि मागून मोकळ्या असलेल्या लाकडी पेटीला होते. मिळालेली शक्ती तो स्पीकर फारशी वाया जाऊ देत नसे.

आज त्याच तोडीच्या अ‍ॅम्प्लिफायरला पुस्तकांच्या फळीवर मावणारे नव्या पद्धतीचे महागडे स्पीकर जोडले जातात. आवाज दबतो, जरा वाढवला की फाटतो. मग घरातील वडीलधारी मंडळी यंत्रालाच निकामी ठरवतात आणि ते भंगारात जाते. स्पीकरचे पैसे जातात आणि चांगली वस्तूही जाते. दोष मात्र यंत्रात नसून जोडणीत असतो.

नीरा डाव्या कालव्यालगतच्या सखल शेताला पाटाचे पाणी आपोआप मिळते. माळावरच्या शेताला मोठी मोटार लागते. स्पीकरचेही तसेच आहे. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती आवाज मिळतो, तो आकडा डेसिबलमध्ये छापलेला असतो. त्यास संवेदनक्षमता म्हणतात. दर तीन डेसिबलला शक्तीची गरज दुप्पट होते आणि दहा डेसिबलला दहापट. ९४ डेसिबलचा स्पीकर पाच वॅटमध्ये जो आवाज देतो, तोच ८४ डेसिबलच्या स्पीकरकडून हवा असल्यास पन्नास वॅट मोजावे लागतात. म्हणून खरेदीपूर्वी किमतीच्या आधी हा आकडा पाहावा. पाच वॅटसाठी तो ९२च्या खाली नसावा. ९४ किंवा ९६ असल्यास उत्तम.

परंतु कराराप्रमाणे येथेही बारीक अक्षरे वाचावीत. पुष्कळदा हा आकडा एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टला दिलेला असतो. आठ ओहमच्या स्पीकरला त्याचा अर्थ एक वॅटच होतो. चार ओहमच्या स्पीकरला मात्र दोन वॅट होतात. म्हणजे छापलेल्या आकड्यातून तीन डेसिबल वजा करूनच तुलना करावी.

पेटी किती मोठी असावी, हा पुढचा प्रश्न. जोसेफ अँटन हॉफमन या अमेरिकी तज्ज्ञाच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे : लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च संवेदनक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. कमी वॅटच्या धन्याने संवेदनक्षमता सोडता कामा नये. तेव्हा मोठी पेटी स्वीकारावी, नाहीतर थोडा खर्ज सोडावा.

घरी करता येण्याजोगे तीन मार्ग आहेत. पहिला, पेटीविना नुसत्या रुंद फळीवर स्पीकर बसवणे. यास खर्च अल्प. पण शंकूच्या पुढच्या आणि मागच्या लहरी परस्परांना छेदतात, म्हणून खर्ज कमी होतो आणि फळी भिंतीपासून दूर ठेवावी लागते. दुसरा, मागून वळणावळणाने रुंदावत जाणारा कर्णा पेटीत बांधणे. यात खर्ज भरदार मिळतो. परंतु पेटी बहुधा कमरेहून उंच होते आणि आतील कप्प्यांचे काम कुशल सुताराचे आहे. तिसरा, नळी बसवलेली साधी चौकोनी पेटी. सभा-समारंभांतील लोखंडी कर्णा थोड्या वॅटमध्ये दूरवर पोहोचतो खरा. पण तो बोलण्यासाठी घडवलेला असतो, तबल्याचा बायाँ त्यातून उमटत नाही.

प्रथमच हे काम हाती घेणाऱ्याने तिसरा मार्ग धरावा. खर्जापासून तार स्वरांपर्यंत सर्व काही एकाच शंकूतून देणारा आठ इंची, आठ ओहमचा फुल रेंज स्पीकर निवडावा. त्यात क्रॉसओव्हरची गुंतागुंत राहत नाही. पेटीचे आकारमान आणि नळीची लांबी उत्पादकाने दिलेल्या मापांप्रमाणेच ठेवावी. प्लायवूड १८ मिलिमीटरचे घ्यावे. चांगले प्लायवूड कापण्यापूर्वी स्पीकर जुन्या फळीवर बसवून आठवडाभर ऐकावा. गायकाचा आवाज कर्कश वाटला, तर पेटीचा खर्च वाचला असे समजावे.

एका बाबतीत काटकसर नको. व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. मुलांनी पेटी करावी, तारा जोडाव्यात. यंत्र मात्र जाणत्या कारागिरानेच उघडावे. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र त्याने तपासल्याखेरीज सुरू करू नये, आणि स्पीकर जोडल्यावाचून तर कधीच चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

घरात संगीत ऐकताना बहुतेक वेळ एक वॅटही खर्ची पडत नाही. उरलेले चार वॅट तानेच्या आणि तिहाईच्या क्षणासाठी राखीव गंगाजळीसारखे असतात. ती गंगाजळी पुरेल असा स्पीकर निवडला, तर पाच वॅट थोडे नाहीत. आणि वडिलांच्या काळचे यंत्र नातवंडांनाही ऐकता येईल.