स्मरणाचे व्रत आणि इतिहासाची साक्ष

ज्या समाजाची परंपरा प्राचीन, त्याची इतिहासदृष्टीही तेवढीच जागरूक असणार, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ज्यू समाजाचे उदाहरण या समजुतीला छेद देणारे आहे. 'स्मरण ठेव' ही आज्ञा ज्यूंच्या धर्मग्रंथात पुनःपुन्हा येते. परंतु पहिल्या शतकातील जोसेफसनंतर सुमारे पंधराशे वर्षे, तुरळक अपवाद वगळता, या समाजात इतिहासलेखन झाले नाही. कोलंबिया विद्यापीठातील इतिहासकार योसेफ हाइम येरुशाल्मी यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'झाखोर' या ग्रंथात या विसंगतीची मूलगामी चर्चा केली.

इतिहासग्रंथ नव्हते, तरी सण आणि उपवास होते. वल्हांडणाच्या रात्री प्रत्येक पिढीने इजिप्तच्या दास्यातून आपण स्वतःच मुक्त झालो असे मानावयाचे असते. जेरुसलेमचे पहिले मंदिर इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बॅबिलोनियनांनी, तर दुसरे इ. स. ७० मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले. दोहोंत साडेसहाशे वर्षांचे अंतर. पण अव महिन्याच्या नवव्या दिवशी दोहोंचा शोक एकाच उपवासाने पाळला जातो. स्मृती काळाचे हे अंतर पुसून टाकते. इतिहासकाराला ते मोजावे लागते.

महाराष्ट्राला या स्मृतिसामर्थ्याचा परिचय आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून आपले पूर्वज कोकणात आले, असे बेने इस्रायल समाज परंपरेने सांगतो. ते केव्हा आले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि, शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम या समाजाने शतकानुशतके पाळला आणि त्यामुळेच तो 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला.

मग इतिहासाची गरज काय? याचे उत्तर वॉर्सात मिळते. नाझींनी तेथील ज्यूंना कोंडवाड्यात डांबले असता इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने १९४० मध्ये सहकाऱ्यांसह गुप्त दप्तरखाना उभारला. रोजनिशा, रेशनकार्डे, पत्रे, जाहिराती असे सारे काही त्यांनी जमविले. नाझींच्या क्रौर्याबरोबरच ज्यू पोलिसांची दुष्कृत्ये आणि कोंडवाड्यातील लाचलुचपतही त्यांनी नोंदविली. हे कागद पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनांत भरून पुरण्यात आले. एक साठा १९४६ मध्ये, दुसरा १९५० मध्ये हाती लागला. तिसरा सापडला नाही. रिंगेलब्लूम १९४४ मध्ये मारले गेले.

मृत्यू समोर असताना स्वजनांचे दोष लपवावेत असा मोह कोणालाही झाला असता. तो या मंडळींनी टाळला, म्हणूनच त्यांची साक्ष खोडून काढणे कठीण आहे. हत्याकांड प्रत्यक्ष भोगलेली पिढी आज अस्तंगत होत आहे. यापुढे स्मरणाचा भार अधिकाधिक कागदपत्रांवर पडणार. आपले दुःख मांडणाऱ्या कोणत्याही समाजाने हे ध्यानी घ्यावे. स्मृतीमुळे समाज टिकतो हे खरे. पण गैरसोयीचे पुरावे नाकारणारी स्मृती सत्ताधाऱ्यांच्या हातचे हत्यार होण्यास वेळ लागत नाही.