समुद्रावरची पोस्त

दिवाळी आली की आमच्या घरात एक यादी तयार होते. दूधवाला, पेपरवाला, रखवालदार, जिना झाडणारी बाई, लिफ्ट बिघडली की येणारा माणूस (आमची लिफ्ट सदैव बिघडत असल्यामुळे तो जवळजवळ घरचाच) आणि पोस्टमन. यादी सौभाग्यवती करते, तिच्यापुढे आकडे मी घालतो, आणि ते खोडून दुप्पट करण्याचे काम पुन्हा सौभाग्यवती करते. या देण्याला आपल्याकडे ‘पोस्त’ असा छान ठसठशीत शब्द आहे. पोस्त मागायला कोणी लाजत नाही आणि द्यायला कोणी कुरकुरत नाही. निदान दारात तरी नाही.

गेल्या दिवाळीत मात्र ही यादी करायला आम्ही घरी नव्हतो, समुद्रावर होतो. मुलगी आणि जावई न्यू जर्सीला असतात. त्यांनी आम्हां उभयतांना सात दिवसांच्या बोटीच्या सफरीला नेले. मायामीहून निघायचे, कॅरिबियन समुद्रातली दोन-चार बेटे पाहायची आणि पुन्हा मायामीला यायचे. त्या बेटांविषयी मी या सदरात काही लिहिणार नाही. बेटे सुंदर आहेत आणि त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचे आहे ते बोटीच्या पाचव्या मजल्यावरच्या कॉफीच्या काउंटरविषयी, आणि तिथे मी माझी जी फजिती करून घेतली तिच्याविषयी.

या बोटींवर खिशातला पैसा फारसा चालत नाही. चढतानाच एक कार्ड हातात पडते आणि आठवडाभर सगळा खर्च त्या कार्डावर मांडला जातो. त्याच कार्डावर दररोज माणशी बक्षिसीही आपोआप चढते. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर साध्या खोलीला हा आकडा हल्ली साधारण १६ ते २० डॉलरच्या आसपास असतो. आमच्या बोटीवर तो १८ होता. चार माणसे, सात दिवस, एकूण ५०४ डॉलर. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि पहिल्या रात्री बोट लागली नसतानाही मला झोप आली नाही.

पूर्वी अशी पद्धत नव्हती. सफरीच्या शेवटच्या रात्री खोलीत पाकिटे ठेवलेली असत. एक खोली आवरणाऱ्याचे, एक वाढप्याचे, एक त्याच्या मदतनिसाचे. पाकीट भरायचे, ज्याचे त्याच्या हातात द्यायचे, हस्तांदोलन करायचे. पुढे जेवणाच्या वेळा आणि टेबले ठरलेली राहिली नाहीत. शिवाय काही सज्जनांना नेमकी शेवटच्या रात्रीच भूक लागत नसे. तेव्हा कंपन्यांनी ही रक्कम रोजच्या रोज खात्यावर टाकायला सुरुवात केली. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने तर २०१९ मध्ये ही वेगळी आकारणी बंद करून ती भाड्यातच धरली. मला विचाराल तर हेच बरे. देणाऱ्याला हिशेब नको आणि घेणाऱ्याला आशाळभूतपणा नको.

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात जाऊन ही रोजची बक्षिसी खात्यावरून काढून टाकायला लावली होती. बऱ्याच कंपन्या तशी मुभा देतात. “मी माझ्या माणसाला माझ्या हाताने देतो,” असे ते छाती पुढे काढून सांगत. ऐकायला मोठे बाणेदार वाटते. पण तळमजल्यावर जो भांडी घासतो आणि चादरी धुतो, तो या गृहस्थांच्या हाताला कधी लागायचा? त्यातून काही कंपन्यांचा असाही नियम आहे की, ज्या प्रवाशाने रोजची रक्कम काढून टाकली, त्याने हातात दिलेले पैसेही नोकराने सामायिक पेटीत जमा करायचे. म्हणजे बाणेदारपणा तेवढा गृहस्थांच्या पदरात राहतो.

आता कॉफी. काउंटर एकच, पण कॉफीच्या जाती दोन. कापुचिनो, लाटे वगैरे फेसाळ मंडळी पाच डॉलरला. साधी काळी कॉफी फुकट. दूध-साखर शेजारी मांडलेली. मी कोणत्या जातीकडे वळलो हे वाचकांना सांगायला नको. पहाटे साडेपाचला उठण्याची माझी सवय बोटीवरही गेली नाही, आणि त्या वेळी अख्ख्या बोटीवर जागा असा तो एकच काउंटर होता. पहिल्या सकाळी मी कपात दोन पुड्या साखर रिकामी केली तेव्हा मागून सौभाग्यवती म्हणाली, “अहो, एक.” त्याबरोबर काउंटरमागचा मुलगा हसला आणि म्हणाला, “असूं दे गो काकी, सुट्टीवर आसत ते.”

त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि नावाखाली ‘इंडिया’ असे लिहिलेले होते. नाव इथे देत नाही; त्याच्या नोकरीला बाध नको. “मी सावंतवाडीचो,” तो म्हणाला. “तुमी खंयचे?” झाले. त्या दिवसापासून त्या काउंटरवर माझा मुक्काम पडला. सकाळी, दुपारी आणि जेवणानंतर. बोटीवरचे थंडगार दूध मला आवडत नाही हे त्याने ओळखले आणि यंत्राच्या वाफेवर माझ्यापुरते दूध गरम करून द्यायला लागला. मी दिसलो की कप भरायचा. साखर दोन, सौभाग्यवती बरोबर असली तर एक. घरी इतके कोणी विचारत नाही.

तो बोलायचा तेही काम करता करता. आठ महिन्यांचा करार. यंदाची चवथ चुकली. कोकणातल्या माणसाची चवथ चुकली म्हणजे काय चुकले, हे कोकणातल्या माणसालाच विचारावे. बोटीवरच्या कामाच्या वेळांना आता आंतरराष्ट्रीय कायदा आहे. २००६ चा सागरी श्रमकरार २०१३ साली अमलात आला आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारला. चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असे त्यात आहे. मात्र ती दोन तुकड्यांत दिली तरी चालते, एक तुकडा सहा तासांचा असला म्हणजे झाले. त्यामुळे पहाटेचा हा मुलगा मला रात्री जेवणानंतरही तिथेच दिसायचा आणि मी मूर्खासारखा म्हणायचो, “वा! तू आहेसच का!”

आपल्या किनाऱ्यावरची माणसे बोटींवर खाऊपिऊ घालायला जातात ती काही आजची नव्हेत. जुन्या पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया कंपन्यांच्या आगबोटींवर मुदपाकखाना आणि सलून बहुतांशी गोव्याच्या माणसांच्या हाती असे. दोन फेऱ्यांच्या मध्ये ती मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त उतरत. गावाच्या नावाची एक जागा, भिंतीला लागून ओळीने ट्रंका आणि एका बाजूला प्रार्थनेची वेदी. गोव्यात या दर्यावर्दी माणसांना ‘तारवटी’ म्हणतात. सावंतवाडीहून गोवा हाकेच्या अंतरावर, तेव्हा आमचा हा मुलगाही त्यांच्यातलाच म्हणायचा.

पाचव्या दिवशी दुपारी, मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी जावईबापूंना म्हटले, “काही म्हणा, रोजचे अठरा डॉलर या मुलाच्या बाबतीत तरी वसूल झाले.”

“त्याला त्यातले बहुधा काही मिळत नसेल, बाबा,” ते म्हणाले. “रोजची रक्कम खोली आवरणारे, जेवण वाढणारे आणि पडद्यामागचे लोक यांच्यात वाटतात. बार आणि कॉफीवाल्यांचे निराळे. त्यांना विकलेल्या कपावर अठरा टक्के. पाच डॉलरच्या कपामागे नव्वद सेंट.”

“आणि फुकटच्या कपामागे?”

“शून्याचे अठरा टक्के किती होतात, बाबा?”

जावई हुशार असावा, पण इतका नसावा. मी हिशेब केला. चार दिवसांचे बारा कप आणि आजचे दोन. चौदा वेळा गरम केलेले दूध. मिळकत शून्य.

त्या रात्री मी पाच डॉलरची नोट घडी करून मुठीत घेतली आणि काउंटरवर गेलो. बशी असती तर बशीखाली सरकवली असती, पण कागदी पेल्याला बशी नसते. “काका, साधीच ना?” त्याने विचारले. ‘काका’ म्हणणाऱ्याच्या हातावर बक्षिसी कशी ठेवायची? मूठ उघडेना. मग मला एक युक्ती सुचली. मी मोठ्या ऐटीत म्हटले, “आज लाटे दे.” म्हणजे त्याच्या वाट्याला निदान नव्वद सेंट तरी जातील, आणि पावतीवर ‘जादा बक्षिसी’ म्हणून जी एक रिकामी ओळ असते तिच्यात गुपचूप आकडा घालता येईल. त्याने माझ्याकडे पाहिले आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, “कशाला काका, पाच डॉलर फुकट जातील. नुसता फेस आसता.” आणि माझी नेहमीची कॉफी, गरम दुधासकट, पुढे ठेवली. तेही शून्यात.

हा नुसता कंजूषपणा होता असे सौभाग्यवतीचे मत आहे. थोडासा होताही. पण मूठ न उघडण्याचे कारण जुने आहे.

आमचे अण्णा पोस्टमन होते. गिरगावात टपाल वाटायचे. मी आठ वर्षांचा असताना एका दिवाळीत हट्टाने त्यांच्याबरोबर पोस्तीला गेलो. बहुतेक घरांत अण्णांना आत बोलावून पाटावर बसवले. लाडू-करंजीची ताटली आली आणि ताटलीच्या कडेला विड्याच्या पानाखाली रुपया. मला वाटले, अण्णा म्हणजे गावातले मोठे कोणीतरी. मग एका वाड्यात दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातून एका गृहस्थांनी “अरे पोस्टमन!” म्हणून हाक मारली आणि आठ आण्यांचे नाणे वरून चौकात टाकले. ते घरंगळत मोरीपाशी गेले. अण्णा न पाहिल्यासारखे करून बाहेर पडले. मी मात्र मागे धावत जाऊन ते उचलले आणि विजयी मुद्रेने त्यांना दाखवले. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी टपाल वाटताना त्यांनी मला बरोबर घेतले, त्या वाड्याच्या दोन मजले चढवले आणि ते आठ आणे त्या गृहस्थांच्या हातात परत द्यायला लावले. “आपले पडले होते,” असे म्हणायचे, एवढे मात्र शिकवून ठेवले होते. मी म्हटले. त्यांनी घेतले. अण्णांनी त्यांचे पत्र दिले आणि आम्ही खाली उतरलो. तेव्हापासून कोणाला पैसे द्यायचे म्हटले की मी स्वतःला त्या सज्ज्यात उभा दिसतो.

बक्षिसीला जगभर जे शब्द आहेत ते खरे तर गोड आहेत. फ्रेंच माणूस ‘पुरब्वार’ म्हणतो, म्हणजे प्यायला. जर्मनांचा ‘ट्रिंकगेल्ट’ म्हणजे पिण्याचे पैसे. रशियात चहासाठी देतात. पोर्तुगीज ‘गोर्जेता’ घशाच्या शब्दावरून आला. आणि आपले ‘चहापाणी’ आहेच. त्याला सरकारी कचेऱ्यांनी वाईट दिवस आणले तो भाग वेगळा. इंग्रजी ‘टिप’विषयी अशी कथा सांगतात की, लंडनच्या कॉफीगृहांतून ‘सेवा चटकन मिळावी म्हणून’ अशा अर्थाची पाटी लावलेली पेटी असे आणि त्या पाटीच्या आद्याक्षरांतून हा शब्द आला. कथा झकास, पण शब्दांचे अभ्यासक ती खरी मानत नाहीत. ते काही असो, जो आपल्याला प्यायला देतो त्यालाही तहान लागते, एवढे जगाला ठाऊक आहे. मलाच कसे सुचेना?

सहावा दिवस लक्ष्मीपूजनाचा होता. माझी सारी हकीकत ऐकून सौभाग्यवती म्हणाली, “दूधवाल्याला देता तेव्हा त्याला लाजता का?” आणि तिने ट्रंक उघडली. एडिसनच्या ओक ट्री रोडवरून घेतलेले चकलीचे बंद पाकीट तिने तेवढ्यासाठी आणलेले नव्हते, पण ते काढले. (घरचे करून नेलेले पदार्थ बोटीवर चढू देत नाहीत, दुकानातले सीलबंद चालते.) एका लिफाफ्यात वीस डॉलर घातले, लिफाफ्याला कुंकवाचे बोट लावले आणि संध्याकाळी सरळ काउंटरवर जाऊन दोन्ही वस्तू त्याच्यापुढे ठेवल्या. “ही दिवाळीची पोस्त,” ती म्हणाली.

“पोस्त!” तो मुलगा म्हणाला, आणि एकदम इतका हसला की शेजारची फिलिपिनो मुलगी वळून पाहू लागली. आठ महिन्यांत तो शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता. त्याने लिफाफा कपाळाला लावला, आमच्यासमोरच उघडला आणि नोट काउंटरखालच्या डब्यात टाकली. “आमी तिघे वाटून घेतो, काका. ती, मी आणि रात्रीचा इंडोनेशियाचा झील.” मग चकलीचे पाकीट उचलून त्याने ते डब्याच्या विरुद्ध दिशेला, अगदी आतल्या खणात ठेवले. “ह्या मात्र पेटीत जायत नाय.”

वाचकांपैकी कोणी अशा सफरीला जाणार असेल तर एवढे सांगतो. रोजची रक्कम काढून टाकायला जाऊ नका. विकतच्या कॉफीवर बक्षिसी आधीच लागलेली असते. पावतीवरची रिकामी ओळ रिकामी ठेवलीत तर कोणी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पण फुकटची कॉफी पिणार असाल तर एक-एक डॉलरच्या नोटा जवळ ठेवा, आणि शेवटच्या रात्रीची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या दिवशीच द्या. नाणी देऊ नका. परदेशी चिल्लर घरी नेऊन बदलून मिळत नाही. आणि द्यायला जमत नसेल तर बायकोला पाठवा.

शेवटच्या सकाळी बोट मायामीला लागत होती. सामान खाली गेले होते, आणि काउंटरवर आम्ही दोघेच होतो. चकल्यांचे काय झाले ते मी विचारले. रात्रीत फिलिपिनो मुलीला खण सापडला होता. आता दोन उरल्या होत्या, त्यातली एक त्याने माझ्यापुढे केली. मी ती घेतली.

“साखर दोन ना, काका?”

“एक,” मागून आवाज आला.

त्याने दोन घातल्या.