घरास दगडी फरशी घालताना

नवे घर बांधणारी किंवा जुन्या घराची डागडुजी करणारी मंडळी भिंतींच्या रंगाविषयी महिनाभर खल करतात. फरशीचा निर्णय मात्र दुकानात उभ्या उभ्या अर्ध्या तासात घेऊन टाकतात. वास्तविक क्रम उलट असावयास हवा. रंग न आवडल्यास चार वर्षांनी बदलता येतो. फरशी बदलावयाची म्हणजे घर रिकामे करणे आले, जुनी उखडण्याची मजुरी आली, नव्या दगडाची किंमत आली आणि धुळीत काढावयाचे पंधरा-वीस दिवसही आले. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबास हा भुर्दंड आयुष्यात दोनदा परवडण्याजोगा नसतो. यास्तव नैसर्गिक दगडाची फरशी कशी निवडावी, ती बसवून घेताना कोठे लक्ष ठेवावे आणि तिला रक्षक लेप केव्हा द्यावा, याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे योजिले आहे.

दख्खनच्या पठारावर दगडास तोटा नाही, पण तेथील काळा कातळ पातळ थरांनी सुटत नाही. घडीव चिऱ्यांस आणि पायऱ्यांस तो उत्तम. फरशीस मात्र थराथरांनी सुटणारा दगड सोयीचा. म्हणूनच महाराष्ट्रातील घराघरांत कर्नाटकातील शहाबादचा दगड येऊन बसला. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच शहाबाद स्टेशन आहे, हे त्याच्या प्रसारास साहाय्यभूत झाले. हैदराबादेच्या आसपास राहणाऱ्या वाचकांस तांदूरची राखी व पिवळसर फरशी परिचयाची असेल. आंध्रातील कडप्प्याचा काळा दगड स्वयंपाकाच्या ओट्यामुळे सर्वांस ठाऊक आहे. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली या बाजूंस राजस्थानातील कोट्याचा हिरवट-निळा दगड स्वस्त पडतो. तो मुख्यतः कोटा जिल्ह्यातील रामगंज मंडी आणि शेजारच्या झालावाडच्या खाणींतून निघतो. धोलपूर व करौली येथील वालुकाश्म, मकराण्याचा संगमरवर, आणि दक्षिणेकडील ग्रॅनाइट हीही नावे वाचकांच्या कानांवरून गेलेली असतात. आपल्या प्रांतानजीकचा दगड घेतल्यास वाहतुकीचा खर्च वाचतो, आणि तो बसविण्याची सवय असलेला गवंडीही तेथेच मिळतो. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे.

नावे पुष्कळ असली, तरी गृहस्थाच्या दृष्टीने या दगडांची घराणी दोनच. शहाबाद, तांदूर, कोटा, कडप्पा आणि संगमरवर ही सर्व चुन्याच्या घराण्यातील. त्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट होय, आणि आम्ल हा त्याचा जन्मजात वैरी आहे. ग्रॅनाइट व वालुकाश्म हे दुसऱ्या घराण्यातले. त्यांत गारेचा म्हणजे सिलिकाचा अंश मोठा असतो आणि घरातील आंबट पदार्थांस ते सहसा दाद देत नाहीत. मात्र वालुकाश्म पाणी व तेल पुष्कळ शोषून घेतो, हे विसरू नये.

कठीणपणातही या दोहोंत मोठे अंतर आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस यांच्या श्रेणीत चुनखडीतील कॅल्साइटास ३ हा अंक आहे, तर गारेस ७. रस्त्यावरील वाळूचा कण म्हणजे बहुधा गारच असते. म्हणून बाहेरून चपलांबरोबर आलेली वाळू संगमरवरावर ओरखडे काढते आणि ग्रॅनाइटावर तितकेसे काढू शकत नाही. उंबऱ्याशी जाड पायपुसणे ठेवणे आणि चपला बाहेर काढणे, या आपल्या जुन्या रीतीइतका संगमरवराचा स्वस्त रक्षक दुसरा नाही.

दुकानदाराने दाखविलेला दगड कोणत्या घराण्यातील आहे, हे कळण्यास प्रयोगशाळा लागत नाही. नमुन्याचा एक तुकडा मागून घरी आणावा. त्याच्या झिलईदार पृष्ठावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसावा आणि तुकडा उजेडात तिरपा धरून पाहावा. थेंबाच्या जागी चकाकी मालवली असेल, तर दगड चुन्याच्या घराण्यातला. दुसऱ्या जागी साध्या पाण्याचा थेंब ठेवावा. चार-पाच मिनिटांत खालचा दगड गडद झाला, तर तो सच्छिद्र आहे असे समजावे. थेंब तसाच मोत्यासारखा राहिला, तर दगड घट्ट आहे किंवा त्यास आधीच लेप दिलेला आहे. काळ्या ग्रॅनाइटाच्या बाबतीत आणखी एक पारख करावी. फिकट दगडास रंग चढवून तो काळा म्हणून विकण्याचा प्रकार बाजारात आढळतो. नखांचा रंग काढण्याच्या द्रवात कापूस भिजवून दगडावर चोळावा. कापसास काळिमा लागला, तर तो सौदा तेथेच सोडावा.

आता लिंबाने पडलेल्या त्या मंद ठिपक्याविषयी. पुष्कळ गृहिणी त्यास डाग समजून घासत बसतात आणि तो निघत नाही म्हणून कष्टी होतात. तो डाग नव्हेच. आम्लाने दगडाचा वरचा अगदी पातळ थर खाल्लेला असतो. तेथे लागलेले असे काही नसते, असलेले गेलेले असते. साबणाने ते परत येणार कसे? त्या जागी पुन्हा घासून झिलई करणे एवढाच उपाय. आणि येथेच रक्षक लेपाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज उद्भवतो. लेप दिला की दगडास काही होत नाही, असे विक्रेते सांगतात. दगडात मुरणारा लेप तेल, हळद, चहा यांना आत शिरण्यास विलंब लावतो, जेणेकरून ते वेळीच पुसून घेता यावेत. आम्लाची क्रिया मात्र पृष्ठावरच घडते आणि तिला असा लेप आवरू शकत नाही. लेपाच्या भरवशावर स्वयंपाकघरात आरशासारखा संगमरवर बसविणाऱ्याने आपल्या घरात चिंच, कोकम, लिंबू आणि ताक ही रोज सांडत असतात, याचा आधी विचार करावा.

आमचे मत विचाराल तर ओट्यास ग्रॅनाइट घ्यावा आणि स्वयंपाकघराच्या जमिनीस कोटा किंवा तांदूरची फरशी. पण तिला चकाकी न आणता केवळ घोटून सपाट करावी. मूळचीच मंद असलेल्या पृष्ठावर आम्लाचे ठिपके डोळ्यांत भरत नाहीत. देवघरात पांढरा संगमरवर शोभतो खरा, पण कुंकू व समईचे तेल यांसाठी समोर एक पाट किंवा ताट असू द्यावे. न्हाणीघरात झिलई नकोच. ओल्या, गुळगुळीत दगडावरून घसरून वृद्ध माणसाच्या खुब्याचे हाड मोडले, तर त्यापुढे फरशीच्या देखणेपणास काय अर्थ उरतो? तेथे टाकीचा किंवा खरबरीत राखलेला दगड घ्यावा आणि मोरीकडे दर मीटरला सुमारे एक ते दीड सेंटिमीटर ढाळ ठेवावा.

माल एकाच वेळी आणि एकाच खाणीचा घ्यावा, मोजणीहून सुमारे दशांश अधिक. घरी आल्यावर फरशा उन्हात कोरड्याच मांडून पाहाव्यात; रंगाचा मेळ तेथे बसतो, तो दुकानाच्या दिव्याखाली बसत नाही. प्रत्येक फरशी बोटांच्या पेरांनी वाजवावी. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आल्यास आत चीर असण्याचा संभव आहे.

फरशी बसविण्याचे काम गवंड्याचे असले, तरी घरातील एकाने तेथे उपस्थित राहावे. खालचा कोबा झाडून, धुऊन, ओला केला पाहिजे. दगडाच्या पाठीस चिकटलेली खाणीची भुकटी धुतली नाही, तर सिमेंट त्या भुकटीस धरते, दगडास धरत नाही. मालात वाळू खारी नसावी. खाऱ्या वाळूतील क्षार पुढे कित्येक महिने दगडातून पांढऱ्या पुडीच्या रूपाने वर येत राहतात. पांढऱ्या संगमरवराखाली पांढरेच सिमेंट वापरावे, कारण करड्या सिमेंटाची छाया वर उमटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दगडाखाली माल सर्वत्र भरलेला हवा. घाईत असलेला कारागीर चार कोपरे व मध्य अशा पाच ठिकाणी मालाचे गोळे ठेवून वर फरशी दाबतो. पाणसळ लावून पाहिल्यास ती अगदी समतल दिसते; परंतु गोळ्यांमधील जागा पोकळ राहते, आणि एके दिवशी कपाटाचा पाय नेमका त्या पोकळीवर येतो. म्हणून दिवसाच्या अखेरीस नव्हे, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, लाकडाच्या दांड्याने प्रत्येक फरशी ठोकून पाहावी. पोकळ बोलणारी फरशी तेव्हा सहज निघते. महिन्याने ती फोडूनच काढावी लागते. सांधे दगडास दगड भिडवून बुजवू नयेत. सुमारे दोन मिलिमीटरांची फट राखून ती नंतर भरावी.

एक गोष्ट येथे आग्रहाने सांगावयाची आहे. फरशी कापण्याचे यंत्र कोरडे चालविले, की घरभर पांढरा धुरळा उठतो. आपण दार लावून शेजारी जातो. कापणारा कामगार मात्र तोंडास रुमाल बांधून त्यातच बसलेला असतो. दगडातील सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ रुमालाने अडत नाही. ती फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा विकार होतो, आणि त्याने झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. ग्रॅनाइट व वालुकाश्मात हा धोका मोठा, पण कोट्याचा दगडही सिलिकापासून मुक्त नाही. राजस्थानात खाणकामगारांत हा विकार इतका आढळला, की तेथील शासनास २०१९ साली धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसविकारांविषयी स्वतंत्र धोरण करावे लागले. आपल्या घरी काम ठरवितानाच पात्यावर पाण्याची धार सोडूनच कापणे होईल, शक्यतो उघड्यावर होईल आणि कामगारांस योग्य मुखपट्टी मिळेल, अशी अट घालावी. त्यास लागणारा जादा खर्च एकूण हिशेबात दिसणारही नाही. लहान मुले असलेल्या घरात तर ही अट आपल्या स्वतःच्याही हिताची आहे.

फरशी बसली की निदान आठवडाभर तिला ओले ठेवावे. झिलईचे यंत्र त्यानंतर फिरवावे. झिलई करताना निघणारा दाट गाळ मोरीत सोडू देऊ नये. तो नळात बसून दगडासारखा घट्ट होतो. बादल्यांत भरून बाहेर न्यावा.

यानंतरचा काळ धीराचा. गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आलेला असतो आणि लेप लवकर आटपावा अशी साऱ्यांचीच निकड असते. परंतु बैठकीतील पाणी वर येऊन उडून जाण्यास साधारण महिना लागतो. कोकणात किंवा केरळात पावसाळा असेल तर त्याहूनही अधिक. आत ओल असताना वर लेप दिला, तर दगडावर ढगाळ चट्टे उठतात. वाळणे पुरे झाले की नाही, हे पाहण्यास हातभर प्लास्टिकचा तुकडा फरशीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात व एक दिवस ठेवावे. काढल्यावर प्लास्टिकच्या आत दव किंवा खाली गडद चौकोन दिसला, तर आणखी थांबावे.

लेप दोन प्रकारचे मिळतात. एक दगडात मुरतो, दुसरा वर पातळ पापुद्रा धरतो. पापुद्र्याचा लेप पहिले काही महिने मोहक दिसतो. पुढे जेथे पाऊल अधिक पडते तेथे तो झिजतो, खालून ओल आल्यास सुटतो, आणि मग सारा खरवडून काढावा लागतो. आम्ही मुरणाऱ्या लेपाची शिफारस करू. तो आधी एका कोपऱ्यात लावून रंग पाहावा. स्वच्छ कापडाने सारखा पसरावा आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेत, बहुधा दहा-पंधरा मिनिटांत, उरलेला भाग पुसून घ्यावा. वर वाळू दिल्यास तो चिकट राहतो. काही लेपांची वाफ ज्वालाग्राही असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या दिवशी घरात शेगडी किंवा समई पेटवू नये. पुन्हा केव्हा द्यावयाचा, हे दिनदर्शिका पाहून ठरवू नये. पाण्याच्या थेंबाची पूर्वीची परीक्षा वर्षातून एकदा करावी. दगड गडद होऊ लागला की वेळ आली. दाट ग्रॅनाइटास कित्येकदा लेपाची जरूरच नसते. काही घरांत कडप्प्याच्या ओट्यास खोबरेल चोळतात. त्याने काळिमा खुलतो हे खरे, परंतु तेलावर धूळ बसून पुढे मेणचट थर होतो.

रोजच्या पुसण्यास कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. संडास धुण्याची आम्लयुक्त द्रव्ये चुन्याच्या घराण्यातील दगडाजवळ आणूच नयेत. सांधे भरल्यावर राहिलेले सिमेंट ‘ॲसिड मारून’ काढण्याची कारागिरांची पद्धतही तेथे घातकच. तेलाचा डाग मुरला असेल, तर खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून दाट लेप थापावा, वर प्लास्टिक झाकून एक दिवस ठेवावा आणि वाळल्यावर लाकडी पट्टीने काढावा. एकदा न गेल्यास दुसऱ्यांदा करावा. हळदीचा डाग असल्यास घाबरू नये. जेथे ऊन येते तेथे तो पुष्कळदा आपोआप फिका होतो.

काम उरकल्यावर शिल्लक राहिलेल्या फरशा गवंड्यास किंवा शेजाऱ्यास देऊन टाकण्याची घाई करू नये. त्यांतील पाच-सहा जिन्याखाली, लाकडी पट्टीवर, भिंतीस टेकवून उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर भाराने तडकतात. दहा वर्षांनी नळ दुरुस्त करताना एखादी फरशी फोडावी लागली, तर त्या खाणीतून त्याच रंगाचा थर निघत असेलच असे नाही.