गिऱ्हाईक गाडीवर बसून साडी बघत नाही

पुणे महापालिका २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा गाड्यांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोटो काढतात, पोरं धावतात, म्हाताऱ्या बायका दोन दुकानांच्या मधलं अंतर कुणाचा हॉर्न न ऐकता पार करतात. असा दिवस पाळणारी देशातली पहिली महापालिका म्हणून आपण आपली पाठही थोपटून घेतली. १२ डिसेंबरला सकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी. सगळं म्हणजे गाड्या.

वर्षातून एक दिवस हे कौतुक सगळ्यांना चालतं, कारण त्यातून काहीच बदलत नाही. पण हेच रोज करू या असं म्हणून बघा. रोजचं सोडा, एका कडेचं पार्किंग काढून तिथे चालायला धड जागा आणि सायकलींना एक पट्टी देऊ या, एवढंच म्हणा. मग बघा कसे सगळे एकदम इतिहासप्रेमी होतात. ‘हा ऐतिहासिक रस्ता आहे.’ ‘पेठांची रचना वेगळी आहे.’ ‘हे युरोप नाही.’ आणि शेवटी पोटातलं ओठावर येतं: ‘धंदा बसेल हो आमचा.’

यातलं शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे, म्हणून त्याला आधी उत्तर दिलं पाहिजे. इतिहासाचं नंतर बघू.

धंदा बसेल या भीतीच्या मुळाशी एक समजूत आहे: आपलं गिऱ्हाईक गाडीवरून येतं आणि दुकानाच्या दारात गाडी लावता आली नाही तर ते परत जातं. ही समजूत पुण्याचीच आहे असं नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ग्लॉस्टर रोड नावाचा छोट्या दुकानांचा जुना रस्ता आहे. २००६च्या सुमारास तिथे पाहणी झाली. दुकानदारांना विचारलं, तुमचे किती ग्राहक कारने येतात? त्यांचा अंदाज होता ४१ टक्के. मग ग्राहकांनाच विचारलं. खरा आकडा निघाला २२ टक्के. दुकानदार खोटं बोलत नव्हते. माणूस आपल्या डोळ्यांसमोर जे दिसतं त्यावरून अंदाज करतो, आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दिवसभर उभी असते ती गाडी. चालत आलेली बाई कशी आली हे दिसत नाही, ती थेट आत येते. शिवाय दुकानदार स्वतः गाडीवर येतो, त्यामुळे जग गाडीवर येतं असं त्याला वाटणं साहजिक आहे.

आता लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही कपड्याच्या दुकानासमोर उभं राहा. दाराला लागून चार-पाच दुचाकी असतात. दुपारी बघा, संध्याकाळी बघा. त्यातल्या किती त्याच असतात? मालकाची एक, मॅनेजरची एक, शेजारच्या दुकानातल्या कुणाची तरी एक. ज्या पार्किंगसाठी एवढा आकांत, त्यात गिऱ्हाइकाला मुळात जागा मिळतेच कुठे? गिऱ्हाईक सम-विषम तारखांच्या पाटीकडे बघत, आज पी-वन की पी-टू याचा हिशोब करत दोन फेऱ्या मारतं आणि कुठल्या तरी बोळात गाडी टाकून, टेम्पोवाले उचलून नेतील का या धास्तीत साडी बघतं. हा काय निवांत खरेदीचा अनुभव म्हणायचा?

बरं, गाडी लावायला जागाच नाही असंही नाही. मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन ही महापालिकेची दोन वाहनतळं आहेत. नारायण पेठेत हमालवाड्याचं आहे. तिथून पाच-दहा मिनिटं चालावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो मंडईपर्यंत आणि पुढे स्वारगेटपर्यंत धावते. पिंपरीहून किंवा वनाझहून निघालेली बाई मंडई स्टेशनावर जमिनीवर येते तेव्हा तुळशीबाग हाकेच्या अंतरावर असते. म्हणजे लक्ष्मी रस्त्याच्या इतिहासात पहिल्यांदाच, अख्खं शहर गाडी न आणता तिथे पोचू शकतं. अशा वेळी व्यापाऱ्यांनी महापालिकेच्या दारात बसून ‘आमच्या दुकानापर्यंत चालायला रस्ता द्या’ म्हणायला हवं होतं. ते म्हणतात, गाड्या राहू द्या.

तुम्ही मॉलमध्ये जाता ना? मॉल म्हणजे दुसरं काय असतं? गाड्या तळघरात सोडून आत यायचं आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांमधून रमतगमत चालायचं. मॉलच्या मधल्या वाटेवर कुणी ॲक्टिव्हा लावू देत नाही, आणि त्यामुळे तिथला धंदा बसल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मॉलवाल्याने कोट्यवधी रुपये खर्चून जी गोष्ट बांधली, ती लक्ष्मी रस्त्याकडे आयती आहे. वर तुळशीबाग आहे, बोहरी आळी आहे. ती दडली आहे फक्त गाड्यांच्या मागे.

खरा स्पर्धक कोण आहे हेही एकदा नीट बघू या. तुम्ही हे वाचताय तो फोन. पैठणीपासून पोळपाटापर्यंत सगळं त्यावर येतं, घरपोच. फोनवर पार्किंग लागत नाही. जे गिऱ्हाईक सोयीसाठी येतं ते फोनकडे गेलं आहे, यापुढेही जाणार. लक्ष्मी रस्त्यावर अजूनही जे येतं, ते पोत हाताने बघायला, चार दुकानं फिरून घासाघीस करायला, लग्नाचा बस्ता बांधायला, मध्येच काहीतरी खायला येतं. म्हणजे रेंगाळायला येतं. रेंगाळणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा नसलेला बाजार चालवायचा आणि वर सायकलीच्या पट्टीला धंद्याचा शत्रू म्हणायचं, याला काय म्हणावं?

आता इतिहास. लक्ष्मी रस्ता पेशवाईतला आहे असं अनेकांच्या डोक्यात असतं. पेठा पेशवाईतल्या, त्याच्याही आधीच्या. हा सलग रुंद रस्ता नंतरचा, इंग्रजी अमलातल्या नगरपालिकेच्या काळातला, वाडे आणि बोळ कापून केलेला. म्हणजे ज्याला आपण वारसा म्हणतो तो रस्ता स्वतःच एक रस्तेबांधणीचा प्रकल्प होता. त्यावर नंतर जे चाललं, त्यात सायकल सगळ्यात जुन्या गोष्टींपैकी आहे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते काही पर्यटन खात्याचं घोषवाक्य नव्हतं. कारकून, प्राध्यापक, गिरणी-कारखान्यांतले कामगार, नऊवारीतल्या शिक्षिका, सगळे सायकलवर असत. स्कूटर आली, मग आकुर्डीतूनच धडाधड बाहेर पडू लागली, आणि २०१८ साली शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. वारसा जपायचा म्हणून सायकलला विरोध आणि दारात उभ्या एसयूव्हीला अभय, हे पुण्यातच जमू शकतं.

रस्ता गाड्यांना बंद केला तर शहर कोलमडेल, असंही सांगतात. अनंत चतुर्दशीला मंडईतून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्यावर येते आणि अलका चौकापर्यंत जाते. चोवीस तास उलटून जातात तरी ती संपत नाही. शहर कोलमडत नाही. त्याआधीच्या दहा दिवसांतही संध्याकाळी पोलीस मध्यवर्ती भागातले रस्ते वाहनांना बंद करतातच. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तर बंद करावंही लागत नाही, माणसांच्या गर्दीत गाडी आपोआपच हलत नाही. आणि व्यापाऱ्यांचा वर्षाचा मोठा गल्ला नेमका त्याच दिवसांत होतो. रस्ता चालणाऱ्यांच्या ताब्यात असतो तेव्हाच सगळ्यात जास्त विक्री होते, ही गोष्ट ज्याच्या गल्ल्यात घडते त्यालाच दिसू नये, याचं मला खरंच नवल वाटतं.

बाहेरचं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. कॅनडातल्या टोरोंटोमध्ये ब्लूर स्ट्रीट हा दुकानांचा जुना, गजबजलेला रस्ता. तिथे ऑगस्ट २०१६ मध्ये प्रायोगिक सायकल पट्टी आखली, त्यासाठी पार्किंगच्या बऱ्याच जागा काढल्या. दुकानदारांची भीती शब्दशः आपल्यासारखीच. पण तिथे एक शहाणपण केलं: आधी मोजलं, नंतर मोजलं, आणि पट्टी नसलेला डॅनफोर्थ नावाचा दुसरा बाजाररस्ताही तुलनेसाठी मोजला. ब्लूरवर ग्राहकांच्या फेऱ्या वाढल्या, खर्चही वाढला. डॅनफोर्थवरही वाढला, त्यामुळे सगळं श्रेय सायकलीला देता येत नाही. पण धंदा बसला असं म्हणायला जागा उरली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहराने पट्टी कायम केली.

गोष्ट इथे संपत नाही. पट्टी पश्चिमेकडे वाढवल्यावर विरोध पुन्हा पेटला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ओंटारिओ प्रांताच्या सरकारने ब्लूरसह तीन मोठ्या रस्त्यांवरच्या सायकल पट्ट्या उखडायचा कायदाच केला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पट्ट्या काढल्याने कोंडी कमी होईल याला आधार नाही, सायकलस्वारांच्या जिवाला धोका मात्र वाढेल, असं त्या निकालाचं सार आहे. सरकार अपिलात गेलं. तेव्हा ‘परदेशात लोक समजूतदार असतात’ हे डोक्यातून काढून टाका. भांडण सगळीकडे आहे. तिथे ते आकडे पुढ्यात ठेवून चालतं, इथे ‘मला वाटतं’वर.

आणि हे युरोप-कॅनडाचं नको असेल तर दिल्लीचं चांदणी चौक घ्या. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता २०२१ मध्ये नव्याने खुला झाला, सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी घालून. आपल्या लक्ष्मी रस्त्यापेक्षा तिथली गर्दी, गल्ल्या, घाऊक व्यापार कितीतरी गुंतागुंतीचा. तिथेही कुरबुरी झाल्या. नंतर देखरेख ढिली पडली आणि नियम मोडून गाड्या घुसू लागल्या, तेही खरं. पण ‘भारतात हे शक्यच नाही’ हे वाक्य तेव्हापासून तरी बाद आहे.

व्यापाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्यांचा महापालिकेवर विश्वास नाही, आणि तो का असावा? सातारा रस्त्यावर, गणेशखिंड रस्त्यावर आपण सायकल ट्रॅक बघितलेत. लाल फरशा, मध्ये विजेचा डीपी, पुढे झाड, मग पाणीपुरीची गाडी, मग ट्रॅकच नाही. २०१७ मध्ये महापालिकेच्या सभेने अख्खा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं होतं. ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या, दोन वर्षांत भंगारासारख्या कोपऱ्यांत पडल्या, कंपन्या निघून गेल्या. २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं आणि अंमलबजावणीविना पडून राहिलं. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर कॅन्टोन्मेंट बोर्डाने २०२०च्या अखेरीस शनिवार-रविवारचा वॉकिंग प्लाझा सुरू केला, तोही विरोध झाल्यावर गुंडाळला गेला. ज्या शहरात कुठलंच काम धड शेवटाला जात नाही, तिथे दुकानदाराला दिसतं ते एवढंच: दीड वर्ष माझ्या दारासमोर खड्डा. ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे काम नीट करा, वेळेत करा, माल उतरवायला रात्रीची आणि पहाटेची वेळ राखून ठेवा, पेठेत राहणाऱ्यांना पास द्या, अपंगांसाठी आणि फार म्हाताऱ्यांसाठी रिक्षा आत येऊ द्या. यातलं प्रत्येक मागणं रास्त आहे. ‘काहीच नको’ हे मागणं रास्त नाही.

या सगळ्या वादात ज्याचं नाव कुणी घेत नाही, तो माणूस रोज सकाळी दहाच्या आत लक्ष्मी रस्त्यावर येतो. तो सेल्समन आहे, किंवा साड्यांच्या घड्या घालणारी मुलगी आहे, किंवा हमाल आहे. सायकल म्हटलं की आपल्याला पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याशी जाणारी लाखभराची सायकल आठवते आणि मग ‘हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणायला सोपं जातं. पण पेठांमधून आजही जी सायकल चालते ती बहुतेक काळी, जुनी, मागे कॅरियरला डबा बांधलेली असते. तिच्यावरच्या माणसाला पेट्रोल परवडत नाही आणि बसची वाट बघायला वेळ नाही. तो उभ्या गाड्यांची उघडणारी दारं आणि मागून येणारी पीएमपी यांच्या मधल्या दीड फुटातून दुकानात पोचतो, मग दिवसभर हसून ‘दाखवू का अजून’ म्हणतो. मालक म्हणतात, सायकलवरून येतं कोण? मालक, तुमचं दुकान उघडतो तो.

भांडण मिटवायचं असेल तर एक स्वस्त उपाय आहे, त्याला ना सल्लागार लागतो ना निविदा. बिल करताना तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर विचारताच. त्याच्या जोडीला अजून एक प्रश्न विचारा: ‘आज कसे आलात?’ चालत, बसने, मेट्रोने, रिक्षाने, सायकलने, गाडीने. आणि गाडी असेल तर कुठे लावली. श्रावणापासून दिवाळीपर्यंत विचारा. महापालिकेच्या आकड्यांवर विश्वास नाही ना, मग तुमचे तुम्ही मोजा. आणि जे निघेल ते दुकानाबाहेर पाटीवर लिहून लावा. पाट्या लिहायला तरी पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही.